वनिता घरतची जागा

प्रविण मोकलला कंपनीत सगळे ‘जागेवाला’ म्हणायचे आणि तो चिडायचा. आमच्याकडे जागेवाला म्हणजे शेताबांधाची राखण करणारा, कुणाला न दिसणारा म्हातारा. वर्षातून एकदा त्याला नारळ दिला नाही तर तो त्रास देतो म्हणतात. प्रविण होता कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात. पण कुणी कसलीही तक्रार घेऊन गेलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: “जागा कुठली दिली होती?” फाइल सापडत नाही म्हणा, पगाराची स्लिप निघत नाही म्हणा, त्याचं आपलं तेच. एकदा कँटीनमध्ये माझी डब्याची पिशवी सापडेना, तेव्हाही त्याने गंभीरपणे हेच विचारलं. मी म्हटलं, “जागा माहीत असती तर तुझ्या तोंडाकडं बघत उभी राहिले असते का रे, शहाण्या?”

मी त्याच कंपनीच्या दवाखान्यात नर्स होते. कंपनी रोह्याजवळची, केमिकलची. माझं तोंड फटकळ, हे सगळ्या शिफ्टना माहीत होतं. प्रविण मला सिस्टर म्हणायचा आणि जरा घाबरून असायचा. तसा तो बऱ्याच गोष्टींना घाबरायचा. वडखळच्या पुढे खाडीकाठी त्याचं गाव. बाप दाजी मोकल सगळा जन्म मिठागरात उभा राहिलेला. पोरगा शिकला, पेणला खोली घेऊन राहिला आणि रोज सकाळच्या पॅसेंजरने रोह्याला येऊ लागला. उंच, थोडा वाकलेला, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावणारा. अमावास्येला ओव्हरटाइम करायचा नाही. कारण विचारलं तर म्हणे, त्या दिवशी व्होल्टेज कमी असतं.

अठ्ठ्याण्णव साली कंपनीने मुंबईच्या एका माणसाकडून फॅमिली कार्डाचा प्रोग्राम तयार घेतला. इंटरनेटसारखाच, पण कंपनीच्या आवारापुरता. कामगाराचा नंबर टाकला की त्याची बायको-पोरं फोटोसकट पडद्यावर यायची. तिथूनच कार्ड छापायचं, आणि ते कार्ड दाखवलं की अलिबागच्या एका इस्पितळात त्यांच्यावर फुकट उपचार व्हायचे. फोटो काढायचं काम प्रविणकडे. कॉम्प्युटर विभागात एक वायरवाला कॅमेरा होता. बायका नटूनथटून यायच्या, आणि हा त्यांना हसू नका, हलू नका असं सांगत फोटो काढून प्रोग्रामात चढवायचा. चढवलेले फोटो सर्व्हरवर एकाच फोल्डरात जाऊन बसायचे. फोटोचं नाव म्हणजे कामगाराचा नंबर आणि त्याला जोडून माणसाचं नाव. मुंबईच्या माणसाने असाच नियम घालून दिला होता. तो त्याच्या जागी बरोबरच होता. एका कामगाराच्या घरात एकाच नावाची दोन माणसं कशाला असतील?

जगन घरतच्या घरात होती.

जगन आमच्या बॉयलरवर कामाला. त्याची बायको वनिता, जेमतेम विशीची. पोटुशी असताना तपासायला यायची, तेव्हा तिचं कार्ड मीच माझ्या मशीनवर उघडलं होतं. तिच्या पायांवर सूज होती, बीपी वाढलं होतं. मी अलिबागला जायची चिठ्ठी दिली. सासू इंदुबाई म्हणाली, आमच्या घरात सगळी बाळंतपणं घरीच झाली. झटके येऊन पोरगी गेली आणि बाळही गेलं. बाळंतपणात गेलेली बाई मागे राहते, घरात परत येऊ पाहते, असं इकडे पक्कं मानतात. इंदुबाईने सुनेची लुगडी, बांगड्या, लग्नातले फोटो, सगळं गाठोडं बांधून कुंडलिका नदीत सोडून दिलं. जगनने अडवलं नाही. तो बोलणारा नव्हताच.

दिवाळीनंतर त्याचं दुसरं लग्न लागलं. दुसरेपणावर आलेल्या मुलीच्या गळ्यात मागच्या बायकोच्या नावाचा चांदीचा टाक घालतात, म्हणजे मागची रुसत नाही. इंदुबाईने टाक तर घातलाच, पण तिची भीती तेवढ्याने जाईना. तिने लग्नात नव्या मुलीचं नावही वनिताच ठेवलं. मागचीला वाटावं, आपल्या घरात आपणच आहोत. मुलीचं माहेरचं नाव सुगंधा होतं, ते मला फार पुढे कळलं.

नव्या वनिताचा फोटो प्रविणनेच काढला आणि चढवला. नंबर तोच, नाव तेच. नवा फोटो जुन्याच्या जागेवर जाऊन बसला, जुना पुसला गेला, आणि प्रोग्रामाने हूं की चूं केलं नाही.

नव्याण्णवच्या श्रावणात इंदुबाई नव्या सुनेला घेऊन दवाखान्यात आली. सातवा महिना. मी पाय बघितले. तीच सूज. बीपी घेतलं, तेही तसंच. म्हटलं, या वेळी चिठ्ठीबिठ्ठी काही नाही, कार्ड काढून हिला आत्ताच अलिबागला धाडते. जगनचा नंबर टाकला. पडदा हळूहळू भरत गेला, आणि चौकटीत पहिली वनिता आली. कपाळावर मोठं कुंकू, डोळे जरा बावरलेले, खाली नाव वनिता जगन घरत.

मला वाटलं, माझेच डोळे फिरले. मी परत नंबर टाकला. परत तीच. समोरच्या मुलीने माझा चेहरा बघितला आणि वाकून पडद्याकडे पाहिलं.

“ही कोन?” तिने विचारलं.

इंदुबाईने एकदाच पाहिलं. तिने सुनेचा दंड धरला आणि मी चपला घालून बाहेर येईपर्यंत दोघी गेटापाशी पोचल्या होत्या. मी हाका मारल्या. मुलीने वळून बघितलं, म्हातारीने थांबू दिलं नाही.

मी प्रविणला फोन लावला. तो म्हणाला, “माज्याकडं तर नव्या बाईचा फोटो दिसतोय, सिस्टर.” मी म्हटलं, इकडे ये आणि बघ. तो आला आणि त्याने बघितलं. दोघींचे फोटो त्यानेच काढले होते. सर्व्हरवर नवी होती, त्याच्या मशीनवर नवी होती, सबंध कंपनीत नवी होती. फक्त माझ्या टेबलावर मेलेली पोरगी बसून होती. बाहेर भर दुपारचं ऊन, बेंचावर पेशंट, आणि माझ्या अंगावर काटा. तो आठवून आजही येतो.

कारण सापडायला वेळ लागला नाही. दवाखान्यापर्यंत आलेली लाइन फार मंद होती, एकेक फोटो उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. म्हणून प्रविणनेच माझ्या मशीनला शिकवून ठेवलं होतं, की एकदा बघितलेला फोटो स्वतःजवळ जपून ठेव, दर वेळी सर्व्हरकडे मागू नको. पहिली वनिता आली तेव्हा मशीनने तिची प्रत पोटात ठेवली. दुसरीच्या वेळी पत्ता तोच निघाला, तेव्हा त्याने जवळची प्रत पुढे केली. एवढंच. कारण कळलं आणि भीती काही कमी झाली नाही.

“पूस ते,” मी म्हटलं. “मला हिच्या तोंडाचं कार्ड हवंय, आत्ता.”

त्याने हात की-बोर्डवर ठेवला आणि तसाच बसून राहिला.

“सिस्टर, ही शेवटची हाय. सर्व्हरवर नाय, जगनच्या घरी नाय. आपन बटन दाबलं का ही कुटंच नाय.”

माझं डोकं सणकलं. “मला जिवंत बाई वाचवायचीय, आणि तू मेलेलीची राखण करत बसलायस! खरंच जागेवाला आहेस!”

तो दुखावला, पण हटला नाही. त्याने तो फोटो आधी फ्लॉपीवर उतरवला, मग मशीनच्या पोटातला पुसला. परत नंबर टाकला, तेव्हा नव्या मुलीचा फोटो आला. मी कार्ड छापून घेतलं. फ्लॉपी मी ड्रॉवरमध्ये ठेवू दिली नाही. तसं भित्री म्हणून माझी ख्याती नाही, पण नाही ठेवू दिली. त्याने ती शर्टाच्या खिशात घातली. दुसऱ्या दिवशी त्याच्याच गाडीने येणारा आमचा फोरमन काळुराम हसत सांगत आला, की मोकल काल पॅसेंजरमध्ये खिडकीशेजारची जागा मोकळी सोडून बसला होता. कुणी बसायला आलं तर म्हणत होता, इथं माणूस आहे. सगळे हसले. प्रविण हसला नाही, आणि मीही.

पुढचा महिनाभर सुगंधा दवाखान्यात आलीच नाही. जगनला विचारलं तर मान खाली घालून म्हणे, आई सोडत नाय. शेवटी मी कंपनीची जीप मागून घेतली, प्रविणला मागे बसवलं आणि नदीपलीकडच्या त्यांच्या गावी गेले. इंदुबाई ओटीवर तांदूळ निवडत होती. आत मुलगी भिंतीला टेकून बसलेली. तिचा चेहराही सुजायला लागला होता. मी बीपी घेत होते, तेव्हा ती माझ्या कानाशी बोलली.

“सिस्टर, मना कोनी वनिता म्हनून हाक मारली ना, का आमी दोगी ओ देतो. तिचा आवाज पयला येतो.”

मी नुसता तिचा हात धरला. हात बर्फ होता.

बाहेर इंदुबाईने प्रविणला धरलं होतं. “त्या डब्यातून तिला घालवली का रं?”

“घालवली, आजी. आता तितं हिचाच फोटो येतो. हे बगा कार्ड.”

म्हातारीने कार्डाला हात लावला नाही. “मंग ती गेली कुटं?”

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, गेली कायमची. पण प्रविणला कुणी जागा विचारली आणि त्याने सांगितली नाही, असं कसं होईल? त्याने खिशावर हात ठेवला. “हितं हाय. फ्लॉपीत.”

इंदुबाईच्या मांडीवरचं सूप खाली पडलं. ती मागे सरकली. “म्हंजी तिला जागा नाय! मी घरातून काडली, नदीत सोडली, ती तुज्या डब्यात आली. डब्यातून काडली, तं आता परक्या मानसाच्या खिशात फिरते. भटकती ती. हिच्यावरच येनार. तिला जागा मिलत नाय तवर ही घराभायेर पाऊल टाकनार नाय.”

जीपमध्ये बसल्यावर मी प्रविणची पार धूळधाण केली. खोटं बोलता येत नव्हतं तर गप्प बसायचं होतं, तोंडाला काय कुलूप लागत नव्हतं का, आता ती मेली तर तू भरून देणार का? रडकुंडीला येऊन बोलत होते, कारण त्या मुलीचे दिवस भरत आले होते आणि मला पुढचं सगळं दिसत होतं. कोलाडच्या फाट्यापर्यंत तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “पन सिस्टर, आजी बरोबर बोलली. फ्लॉपी ही काय जागा नाय. बुरशी लागली का संपली.”

त्याने मुंबईच्या माणसाला फोन केला. त्याने सांगितलं, प्रोग्रामाला हात लावायचा नाही. पर्सोनेलच्या साहेबांनीही तेच सांगितलं. तेव्हा सगळ्यांना दोन हजार सालाची भीती घातलेली होती, वर्ष बदललं की सगळी मशीन्स बंद पडणार म्हणून. त्यामुळे कशालाही हात लावायचा नाही, हा हुकूमच होता. प्रविणने हात लावला. भित्र्या माणसाने एकदा मनावर घेतलं की तो कुणाला विचारत नाही.

प्रोग्रामात एके ठिकाणी लिहिलेलं होतं, की चढवलेला फोटो कुठे ठेवायचा आणि कुठल्या नावाने. तो तेच बदलायला बसला. आता नावावर काही अवलंबून ठेवायचं नाही. प्रत्येक माणसाला त्याचा स्वतःचा आकडा, त्या आकड्याचं वेगळं फोल्डर, आणि एकाचा फोटो दुसऱ्यावर कधीच बसणार नाही. शिवाय एक फोल्डर निराळं, गेलेल्या माणसांसाठी. त्याला नाव काय द्यावं, हे तो मला विचारायला आला. मी म्हटलं, मयत लिही. त्याला ते पटलं नाही. तो तसाच परत गेला.

नवा नियम चालू केला त्या दुपारी एक प्रकार झाला. प्रोग्राम फोटो नव्या जागी शोधू लागला, आणि फोटो होते अजून जुन्या जागी. सबंध कंपनीत ज्याचं कार्ड उघडावं, त्याच्या बायकोच्या जागी रिकामी चौकट आणि कोपऱ्यात छोटीशी तांबडी फुली. पोरांच्या जागीही फुली, म्हाताऱ्या आईबापाच्या जागीही. काळुराम कार्ड काढायला आला होता, तो पाय आपटत कॉम्प्युटर विभागात गेला. “माजी बायको घरात जिवंत बसलीय, तिच्यावर फुली कोनी मारली?” मागोमाग आणखी माणसं. काहींनी घरी फोन लावले. चेष्टा करणारी तोंडं पांढरी पडलेली मी बघितली. प्रविण कुणाला काही उत्तर देत नव्हता. एकेक फोटो उचलून तो ज्याच्या त्याच्या जागी नेऊन ठेवत होता. त्या दिवशी त्याने पेणची गाडी सोडली. योगायोग म्हणा, पण त्या दिवशी अमावास्या होती.

दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या चौकटीत परत आले. मी जगनला बोलावून बजावलं, आईला सांग, जागा दिलीय. बघायला घेऊन ये. आणि जीप पाठवून दिली.

तिघं आली. सुगंधाला दम लागत होता. मी तिला खुर्चीवर बसवलं. जगन दाराशीच थांबला, तोंड बाहेर करून. इंदुबाई लांब उभी. प्रविणने जगनचा नंबर टाकला आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. पहिल्यांदा सुगंधाचा फोटो आला. मग त्याने आणखी एक बटण दाबलं, आणि शेजारच्या चौकटीत पहिली वनिता आली. दोघी शेजारी शेजारी, कुणी कुणावर नाही.

“कुटं ठेवलीस तिला?” इंदुबाईने विचारलं.

“घरच्यांत,” प्रविण म्हणाला.

त्या फोल्डराला त्याने दिलेलं नाव तेच होतं. मला तेव्हाच कळलं. इंदुबाई पुढे आली. ज्या पोरीचं सगळं तिने नदीत सोडलं होतं, तिच्याकडे ती बघत राहिली. मग पदराने तो पडदा पुसायला लागली. पडद्यावर धूळ नव्हती.

सुगंधा वाकली. वर्षभर जिचा टाक गळ्यात होता, जिच्या नावाला ओ देत होती, जिच्या भीतीने तिला झोप नव्हती, ती तिने पहिल्यांदा नीट बघितली. कुंकू जरा वाकडं लागलेलं, ओठ घट्ट मिटलेले. प्रविणने हसू नका सांगितलं असणार.

“गो बाय,” सुगंधा म्हणाली, “ही तं माज्यापरीस लान हाय.”

दाराशी जगन रडत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर माझंही अवघड झालं असतं.

प्रविणने कार्डासाठी नाव विचारलं. इंदुबाई लगेच म्हणाली, “वनिता.”

“चालंल,” प्रविण म्हणाला. “आता एक नाव दोगींना असलं तरी कायसुदा होत नाय.”

“नको,” सुगंधा म्हणाली. तिने सासूकडे पाहिलं नाही. “तिचं तिला रावंदे. माजं सुगंधा लिव.”

प्रविणने लिहिलं. कार्ड बाहेर आलं, आणि मी तिला त्याच जीपमधून अलिबागला नेलं. ऑपरेशन करावं लागलं. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, आठवडाभर उशीर केला असतात तर दोघांतलं कुणीच हाती लागलं नसतं. मुलगी झाली. दोघी सुखरूप घरी आल्या.

घरी आल्यावर सगळं बदललं असं काही झालं नाही. टाक गळ्यात राहिला. गावात, विहिरीवर, घरात ती वनिताच. जगनही तिला वनिताच म्हणायचा. एवढ्या माणसांची सवय एका कार्डाने जात नाही, आणि सासूला तेवढी हिंमतही नव्हती. सुगंधा घरत होती ती फक्त प्रविणच्या प्रोग्रामात.

ती दवाखान्यात यायला लागली. दर आठवड्याला, नदी ओलांडून, पोरीला कडेवर घेऊन. कधी डोकं दुखतं म्हणायची, कधी काहीच नाही. मला आधी राग यायचा, गर्दीच्या वेळी ही बया रिकामी येऊन बेंच अडवते. तपासलं तर सगळं ठीक. नोंद करून बसायची आणि आपलं नाव पुकारलं जायची वाट बघायची.

डिसेंबरात असाच एक दिवस प्रविण माझ्या मशीनचं काहीतरी करत बसला होता. माझे हात एका कामगाराच्या भाजलेल्या बोटांत गुंतलेले. मी त्याला म्हटलं, पुढचं नाव तेवढं पुकार. त्याने पडद्यावर बघून मोठ्याने वाचलं, “सुगंधा जगन घरत.”

बेंचावरून ती उठली. “हाय,” म्हणाली, एवढ्या खणखणीत की भाजलेल्या माणसानेही वळून बघितलं. मग तिने पोरीला उचललं, पदर सारखा केला आणि गेटाकडे चालायला लागली.

“अवो बाई, तपासायचं ऱ्हायलं ना?” प्रविण तिच्यामागे दारापर्यंत गेला.

मी त्याला परत बोलावलं. ती एवढ्यासाठीच येते, हे मलाही त्याच क्षणी समजलं होतं.